कम्युनिटी कॉलेजात डेंटल असिस्टिंग शिकायचंय? अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक तिघांकडून येतात: नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेले, नुकतं ग्रीन कार्ड मिळालेले, आणि महाराष्ट्रात बीडीएस करून इथे घरी बसलेले दंतवैद्य. तिघांची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते: राज्य कुठलं आणि व्हिसा कुठला? फी, पुस्तकं आणि स्क्रब्जचा रंग त्यानंतर.

१. डेंटल असिस्टंट नेमकं काय करते? आपल्याकडे क्लिनिकमध्ये मदतनीस असते, तसंच ना?

थोडंफार तसंच, पण जबाबदारी बरीच जास्त. डॉक्टर दात कोरत असताना शेजारी बसून सक्शन धरायचं, न मागता योग्य अवजार योग्य क्षणी हातात द्यायचं, सिमेंट कालवायचं, दातांचे ठसे घ्यायचे, तात्पुरती कॅप बनवायची, एक्स-रे काढायचे आणि सगळ्याची नोंद ठेवायची. अवजारं धुणं, पाकिटात बंद करणं, ऑटोक्लेव्हमध्ये लावणं हेही तिचंच काम. ऑटोक्लेव्ह खरंच जंतू मारतोय का, हे बघायला किमान आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट करावी, अशी सीडीसीची (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची) शिफारस आहे. बऱ्याच ठिकाणी ती असिस्टंटच करते.

निदान, इंजेक्शन, ड्रिलिंग आणि दात काढणं सहसा तिच्या कक्षेत येत नाही. बाकी काय चालतं ते राज्याचा कायदा ठरवतो (प्रश्न १२).

२. कॉलेज "अॅक्रेडिटेड" आहे असं वेबसाइटवर लिहिलंय. एवढं पुरे का?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मान्यता दोन थरांची असते. पहिली आख्ख्या कॉलेजची. कॅलिफोर्नियात ती एसीसीजेसी देते, दक्षिणेकडच्या राज्यांत एसएसीएसकॉक. केंद्र सरकारची आर्थिक मदत आणि क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात नेणं यासाठी ही लागते. दुसरी मान्यता त्या एका अभ्यासक्रमाची. डेंटल असिस्टिंगसाठी ती देणारी संस्था म्हणजे कमिशन ऑन डेंटल अॅक्रेडिटेशन, बोलीत "कोडा". १९७५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या छत्राखाली चालते, आणि डेंटल कॉलेजांपासून हायजिन (दातांची सफाई) आणि असिस्टिंगपर्यंतचे अभ्यासक्रम तपासते.

कॉलेज पूर्ण मान्यताप्राप्त, पण त्यातला डेंटल असिस्टिंगचा अभ्यासक्रम कोडाच्या यादीत नाही, असं सहज असू शकतं. वेबसाइटवरचं वाक्य तेव्हाही खरंच असतं, फक्त तुम्हाला हवं ते सांगत नाही. कोडाच्या संकेतस्थळावर राज्यानुसार यादी आहे. कॉलेजचं नाव तिथे स्वतः शोधा. नव्या अभ्यासक्रमाला सुरुवातीची मान्यता असेल, तर तशी नोंद तिथेच दिसते.

कॅलिफोर्नियात आणखी एक पायरी आहे. तिथलं डेंटल बोर्ड अभ्यासक्रमांना स्वतःची मान्यता देतं. तिथे शिकणार असाल, तर "कोडा आहे का" आणि "बोर्डाची मान्यता आहे का" हे दोन वेगळे प्रश्न विचारा.

३. घराजवळच्या क्लिनिकमध्ये बारा आठवड्यांचा वीकेंड कोर्स आहे. मग वर्षभर कॉलेज कशाला?

असे कोर्स खोटे नसतात. ज्या राज्यांत असिस्टंटला कामावरच शिकता येतं, तिथे त्यांतून नोकरी लागतेही. फरक पुढे जाणवतो. कोडा अभ्यासक्रम पूर्ण केला की राष्ट्रीय परीक्षेला लगेच बसता येतं. बारा आठवड्यांच्या कोर्सनंतर त्याच परीक्षेसाठी आधी किमान ३,५०० तासांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो (प्रश्न ११). पूर्ण वेळ काम केलं तरी ही साधारण दोन वर्षं झाली.

पैशांचं गणितही उलटं निघतं. रहिवासी दरात कम्युनिटी कॉलेजचं आख्खं वर्ष कित्येकदा या छोट्या कोर्सहून स्वस्त पडतं. माझं मत स्पष्ट आहे: कामाची परवानगी हातात असेल आणि घरात पगाराची तातडी असेल, तर छोटा कोर्स समजू शकते. नाहीतर कॉलेज.

४. कोर्स किती महिन्यांचा? ऑनलाइन होतो का?

सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा साधारण एका शैक्षणिक वर्षाचा, असोसिएट डिग्री दोन वर्षांची. डिग्रीत इंग्रजी, गणित, मानसशास्त्र असे सामान्य विषय वाढतात. दातांचं शिक्षण जवळपास तेच. कोडाच्या मानकांनी वर्षानुवर्षं धरलेलं माप म्हणजे किमान ९०० तास शिक्षण, त्यातले ३०० तास प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये.

तोंडाची आणि डोक्याची रचना, जंतुसंसर्ग रोखणं, दंतसाहित्य, रेडिओलॉजी, चेअरसाइड (खुर्चीशेजारी बसून डॉक्टरांना मदत), ऑफिसचं कामकाज आणि शेवटी बाहेरच्या क्लिनिकमधली एक्स्टर्नशिप, असा क्रम असतो. थिअरी काही कॉलेजं ऑनलाइन घेतात. अल्जिनेट (ठसे घ्यायचं साहित्य) मात्र हातानेच कालवावं लागतं, त्यामुळे लॅबला हजर राहण्यावाचून गत्यंतर नाही. "शंभर टक्के ऑनलाइन" अशी जाहिरात दिसली तर प्रश्न २ पुन्हा वाचा.

५. माझी बारावी कॉमर्सची आहे. सायन्स नसेल तर चालतं का? कागदपत्रं कुठली?

चालतं. हायस्कूल डिप्लोमाच्या तोडीचं शिक्षण ही मूळ अट. शाखेला फारसं महत्त्व नाही. बहुतेक कॉलेजं भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन मागतात, आणि ते एनएसीईएसच्या (मूल्यांकन करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं. पैसे भरण्याआधी कॉलेजला कुठल्या संस्थेचा अहवाल चालतो ते विचारा. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट भारतात आई-वडिलांच्या कपाटात असतील, तर आत्ताच मागवून घ्या. हरवल्या असतील तर दुय्यम प्रत ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली तिथून मिळते, आणि त्याला वेळ लागतो.

प्रवेश बहुधा वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात असतात. जागा मोजक्या, कारण लॅबमधल्या खुर्च्या मोजक्या.

६. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आहे, मार्कशीटवर माहेरचं. अडचण येईल का?

येते, आणि नेमकी परीक्षेच्या दिवशी येते. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी पहिलंही. इथल्या कारकुनाला मार्कशीटवरची आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे हे आपोआप कळत नाही. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत हाताशी ठेवा. मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या. कॉलेज, सीपीआर कार्ड, परीक्षेचा अर्ज आणि राज्याचं लायसन्स या सगळीकडे सध्याच्या ओळखपत्रावर आहे अगदी तसंच नाव लिहा. एकीकडे नवऱ्याचं नाव मधल्या नावात आणि दुसरीकडे ते गाळलेलं, असं नको.

७. फी किती येते?

रहिवासी ठरलात तर कमी, नाही ठरलात तर कित्येक पट. कॅलिफोर्नियात सेमिस्टर पद्धतीच्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांना दर युनिटला ४६ डॉलर पडतात. नॉर्थ कॅरोलायनात रहिवाशांना दर क्रेडिटला ७६ डॉलर, बाहेरच्यांना २६८. म्हणजे ४० क्रेडिटचे एकाला ३,०४० आणि दुसऱ्याला १०,७२०. वर्ग तोच, खुर्ची तीच.

एच-४ वाल्यांना वाटतं की आपण "परदेशी", म्हणजे जास्त दर. तसं असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात एच-४ व्हिसावर रहिवास सिद्ध करता येतो. वर्षाहून जास्त वास्तव्य आणि तिथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवावा लागतो. बँक खातं, भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स तुमच्या नावावर असू द्या. सगळं नवऱ्याच्या नावावर असलं की इथे अडतं. नॉर्थ कॅरोलायनात हे ठरवणारी स्वतंत्र व्यवस्था आहे, तिला आरडीएस म्हणतात.

पुस्तकं, स्क्रब्ज, संरक्षक चष्मा, लसी, पार्श्वभूमी तपासणी आणि परीक्षा शुल्क वेगळं. पेल ग्रँटसारखी केंद्रीय मदत ग्रीन कार्डधारकांना मिळू शकते, एच-४ वाल्यांना नाही.

८. मी एच-४ वर आहे. शिकू शकते का? आणि मग नोकरी?

शिकायला पूर्ण मुभा आहे, पूर्ण वेळसुद्धा, व्हिसा न बदलता. नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, लागतं. मे २०१५ पासून एच-४ जोडीदारांना ते मिळू शकतं, पण त्यासाठी एच-१बी धारकाचा (म्हणजे नोकरी करणाऱ्या जोडीदाराचा) आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर असावा लागतो, किंवा एच-१बीची मुदत सहा वर्षांपलीकडे वाढलेली असावी लागते. आय-१४० अजून दाखल व्हायचा असेल, तर कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र भिंतीवर लावून वाट बघण्याची तयारी हवी. हे कटू वाटेल, पण फी भरण्याआधी कळलेलं बरं. ईएडी संपण्याआधी नवं हातात आलं नाही तर काम थांबवावं लागतं; आपोआप मुदतवाढ मिळेल असं धरून चालू नका.

एक्स्टर्नशिप हा अवघड भाग. अभ्यासक्रमाचा बिनपगारी भाग म्हणून ती बहुतेक कॉलेजं शिक्षणातच धरतात. काही क्लिनिकं मात्र खूश होऊन थोडे पैसे किंवा गिफ्ट कार्ड देऊ करतात. ईएडी नसेल तर घेऊ नका. तुमची एक्स्टर्नशिप कशी धरली जाते हे कॉलेजकडून लेखी घ्या आणि इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवा.

९. एफ-१, एफ-२, किंवा मुलगी एच-४ वर असेल तर?

एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) पूर्ण वेळ शिकता येत नाही, अर्धवेळ येतं. हा कोर्स सहसा पूर्ण वेळच असतो, त्यामुळे बहुतेकांचा रस्ता इथेच बंद होतो.

एफ-१ वर (विद्यार्थ्याचा व्हिसा) शिकता येतं, परदेशी विद्यार्थ्याच्या दराने. नंतर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची मुभा) जास्तीत जास्त १२ महिने. विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत नसल्याने पुढची २४ महिन्यांची वाढ नाही. या कामासाठी पदवी लागत नाही, त्यामुळे एच-१बी मिळेल ही आशा धरू नका. फक्त अमेरिकेत राहता यावं म्हणून कुणी हा कोर्स सुचवत असेल, तर त्याचं ऐकू नका.

एच-४ वरच्या मुलामुलींचा दर्जा २१ व्या वर्षी संपतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीसाठी विचारत असाल तर कोर्स मधेच अडकेल का, हे आधी बघा. जोडीदाराला मिळणारं ईएडी मुलांना मिळत नाही.

१०. कॉलेजने टीबीची टेस्ट सांगितली. ती पॉझिटिव्ह आली तर प्रवेश जाईल का?

घाबरू नका. आपल्या बहुतेकांना जन्मल्या जन्मल्या बीसीजी टोचलेली असते, दंडावरचा वण तोच. त्या लसीमुळे हातावरची स्किन टेस्ट चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याऐवजी रक्ताची टेस्ट मागा, आयजीआरए म्हणतात तिला. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतात. सुप्त टीबी दुसऱ्याला लागत नाही. एक्स-रे स्वच्छ असेल आणि डॉक्टरांचं पत्र असेल तर कॉलेजं सहसा अडवत नाहीत.

लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल तर गोवर, गालगुंड, कांजण्या यांच्यासाठी टायटर ही रक्ततपासणी चालते. हेपॅटायटिस बी मात्र लवकर सुरू करा. नेहमीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. हेप्लिसाव-बी ही दोन डोसांची लस महिन्याभरात पूर्ण होते.

मंगळसूत्र आणि बांगड्यांचंही इथेच सांगून टाकते. मंगळसूत्र स्क्रब्जच्या आत राहत असेल तर बहुतेक कॉलेजं काही म्हणत नाहीत. बांगड्या, अंगठ्या, खोटी नखं काढावी लागतात, कारण त्यांच्याखाली हात नीट धुतले जात नाहीत आणि ग्लोव्ह फाटतात.

११. सीडीए, आरडीए, डॅनब... ही काय भानगड आहे?

डॅनब म्हणजे डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्ड, १९४८ पासूनची राष्ट्रीय परीक्षा घेणारी संस्था. तिचं प्रमाणपत्र म्हणजे सीडीए. त्यात तीन परीक्षा: चेअरसाइड, रेडिएशनची सुरक्षितता आणि जंतुसंसर्ग नियंत्रण. शेवटच्या दोन परीक्षांना पात्रतेची अट नाही, विद्यार्थी असतानाच देऊन टाकता येतात. पूर्ण सीडीएसाठी मात्र तीन मार्ग: कोडा कॉलेज, हायस्कूल अधिक ३,५०० तास काम, किंवा तिसरा, जो बीडीएसवाल्यांच्या कामाचा आहे (प्रश्न १३). प्रमाणपत्राचं नूतनीकरण दर वर्षी, १२ क्रेडिटच्या निरंतर शिक्षणासह.

आरडीए म्हणजे राज्याची नोंदणी. अक्षरं तीच, पण अर्थ राज्यागणिक बदलतो.

१२. मग माझ्या राज्यात काय लागतं?

पन्नास राज्यांचं इथे मावणार नाही. मराठी वस्ती मोठी आहे तिथलं थोडक्यात:

कॅलिफोर्नियात लायसन्स नसलेला असिस्टंटही काम करू शकतो, पण त्याला ८ तासांचा जंतुसंसर्ग नियंत्रणाचा कोर्स, २ तासांचा कायद्याचा कोर्स आणि बीएलएस (सीपीआरसारखं जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) लागतं. एक्स-रेसाठी वेगळं प्रमाणपत्र. आरडीए झालात की कामांची यादी लांबते आणि पगारही. बे एरियात फूटहिल कॉलेजचा कार्यक्रम जुना आणि नावाजलेला.

न्यू जर्सीत दोन खाती सांभाळावी लागतात. आरडीएची नोंदणी डेंटल बोर्डाकडे, आणि एक्स-रे काढायचं लायसन्स चक्क पर्यावरण खात्याकडून.

न्यूयॉर्कमध्ये हे लायसन्सचं क्षेत्र आहे आणि ते शिक्षण खात्याच्या अखत्यारीत येतं.

नॉर्थ कॅरोलायनात डीए-१ आणि डीए-२ असे दोन दर्जे. कोडा अभ्यासक्रम केला की थेट दुसऱ्यात. रॅली-केरी भागात वेक टेकचा डिप्लोमा आहे.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर राज्याचा अर्ज अडू शकतो. कॅलिफोर्नियात त्याऐवजी आयटीआयएन चालतो. बाकी राज्यांत बोर्डाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

१३. मी पुण्यातून बीडीएस केलंय. मला हा कोर्स करावा का?

बहुतेक वेळा नाही. डॅनबच्या तिसऱ्या मार्गात अमेरिका आणि कॅनडाबाहेरची दंतवैद्यकीची पदवी ग्राह्य धरतात. म्हणजे पदवीचे कागद आणि सीपीआर असेल तर वर्षभर वर्गात न बसता सीडीएची परीक्षा देता येते. अपवाद एवढाच की काही राज्यांना स्वतःच्या बोर्डाने मान्य केलेला कोर्सच हवा असतो.

इथे दंतवैद्य व्हायचं असेल तर रस्ता वेगळा: आयएनबीडीई परीक्षा (ऑगस्ट २०२० पासून जुन्या दोन भागांच्या परीक्षेच्या जागी आलेली), टोफेल, पदवीचं मूल्यांकन आणि कापिड या अर्जसेवेमार्फत अॅडव्हान्स्ड स्टँडिंगचे (परदेशी दंतवैद्यांसाठीच्या अभ्यासक्रमाचे) अर्ज. मग दोन-तीन वर्षांचं शिक्षण, खर्च लाखाच्या घरात, आणि तो डॉलरमध्ये. या तयारीच्या काळात असिस्टंट म्हणून काम केलं तर इथलं क्लिनिक कसं चालतं ते कळतं आणि शिफारसपत्र मिळतं. हा उपयोग खरा आहे.

दोन गोष्टी सांभाळा. ईएडी नसताना खासगी क्लिनिकमध्ये "फुकट मदत" करणंही काम धरलं जाऊ शकतं. नुसतं उभं राहून बघणं वेगळं. दुसरं म्हणजे जिभेवर ताबा. पेशंटने विचारलं, "याला रूट कॅनल लागेल का?" तर उत्तर डॉक्टर देतील. तुम्हाला फिल्मवर सगळं स्वच्छ दिसत असलं तरी.

दातांचे आकडेही, म्हणजे प्रत्येक दाताचा क्रमांक, नव्याने पाठ करावे लागतील. आपला ३६ इथे १९ होतो, ११ होतो ८, आणि १८ होतो १. पहिले काही दिवस डोक्यात गोंधळ उडतोच.

१४. हे करून पुढे हायजिनिस्ट होता येतं का?

होता येतं, पण बढती मिळून नाही. हायजिन हा कोडाचाच वेगळा अभ्यासक्रम आहे. त्याआधी अॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री लागतात आणि असिस्टिंगची क्रेडिटं त्यात फारशी वळती होत नाहीत. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीत असिस्टंटचं मध्यम वार्षिक उत्पन्न ४६,५४० डॉलर होतं, हायजिनिस्टचं ८७,५३०. वय, वेळ आणि सायन्सची आवड असेल, तर सरळ हायजिनसाठी अर्ज करण्याचा विचार जरूर करा.

१५. पुरुषांना घेतात का?

घेतात. बायकांचं काम ही समजूत जुन्या काळातली. १८८५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या डॉ. एडमंड केल्स यांनी बाई मदतनीस ठेवली, आणि त्यामुळे स्त्री-रुग्णांना सोबत कुणाला न आणता एकटीने येता येऊ लागलं. ते कारण आता उरलेलं नाही.

१६. कोर्स सुरू असताना दिवस गेले तर? एक्स-रेचं काय?

सोडून द्यायची गरज नसते. एक्स-रे काढताना किमान सहा फूट लांब, किंवा आडोशामागे, किरणांच्या वाटेत न येता उभं राहायचं, हा नियम सगळ्यांनाच आहे. कॉलेजला लेखी कळवलंत तर डोसिमीटर (अंगावर पडलेले किरण मोजणारं साधन) देतात आणि गरोदरपणातली वेगळी, कमी मर्यादा लागू होते. कळवणं ऐच्छिक आहे. नायट्रस ऑक्साइड म्हणजे लाफिंग गॅस वापरतात त्या खोलीबद्दल मात्र आपल्या डॉक्टरांशी आणि शिक्षिकेशी आवर्जून बोला. एक्स-रेपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते, आणि विचारत कुणीच नाही.

१७. राज्य बदललं, किंवा भारतात परतलो, तर प्रमाणपत्राचं काय?

नवऱ्याचा प्रोजेक्ट बदलला की घर बदलतं, म्हणून हा प्रश्न दर महिन्याला येतो. सीडीए तुमच्यासोबत येतं. राज्याचं आरडीए किंवा एक्स-रेचं लायसन्स येत नाही. कोडा अभ्यासक्रमाची ट्रान्सक्रिप्ट हातात असेल तर नव्या राज्यातले बरेच कोर्स वाचतात. हलण्याआधी जुन्या बोर्डाकडून लायसन्स पडताळणीचं पत्र मागवून ठेवा.

भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याखाली दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांची नोंदणी होत आली आहे. असिस्टंटची वेगळी नोंदणी त्यात नाही. मोठ्या शहरांतल्या क्लिनिकमध्ये अनुभवाचा मान होईल, पगार अमेरिकेसारखा मिळणार नाही. आणि इथल्या हायजिनिस्टचं काम तिथे असिस्टंटच्या गळ्यात पडण्याची शक्यता आहे, तेव्हा नोकरी घेताना कामाची यादी लिहून मागा.